गच्चीवरचं गायरान

"आलं का?"

"मुंग्याच आहेत अजून!"

"आता?"

"थांब, थांब! तसाच धर!"

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही पनवेलकराला हा संवाद पाठ असेल. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या कौलांवर, पत्र्यांवर ॲल्युमिनियमच्या काट्यांचे अँटेना उगवले. एकजण छपरावर, दुसरा अंगणात आणि तिसरा टीव्हीसमोर, अशी ती साखळी असायची. छपरावरच्याला चित्र दिसत नसे. तो खालच्याच्या शब्दावर विसंबून पाइप बोटभर फिरवायचा. वरळीच्या मनोऱ्याची ताकद वाढवणं कोणाच्या हातात नव्हतं. आपला काटा नीट वळवणं तेवढं हातात होतं, आणि तेवढ्यावर 'छायागीत' दिसत असे.

त्या काट्याच्या अँटेनाला यागी-उदा म्हणतात. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो मांडला. एका दांड्यावर ठरावीक लांबीच्या काड्या ठरावीक अंतरावर बसवल्या, की चहूकडून येणाऱ्या लहरींपैकी एकाच दिशेच्या लहरी तो वेचून घेतो. त्यासाठी वीज लागत नाही, की जास्तीचं यंत्र लागत नाही. लागते ती फक्त दिशा.

आज त्याच गच्च्यांवर पांढऱ्या कांड्या, चपट्या पेट्या आणि छोट्या छत्र्या दिसतात. सोसायटीच्या अंगणात वाय-फाय हवं, गेटवरचे कॅमेरे जोडायचे, रस्त्यापलीकडच्या दुकानात नेट न्यायचं, की गच्चीवर कोणीतरी काहीतरी ठोकतो. मात्र खालून "आलं का?" विचारायची रीत आपण सोडली. तिच्या जागी एकच वाक्य आलं: "पॉवर फुल ठेवलीय." हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

कांडीखालचा अंधार

नवीन पनवेलमधली आमची सोसायटी सात मजल्यांची. दोन विंग आणि मध्ये अंगण. अंगणात ज्येष्ठांची बाकं, मुलांची घसरगुंडी, कोपऱ्यात वॉचमनची केबिन. अंगणात वाय-फाय घ्यायचं ठरलं आणि काम घेतलेल्या माणसाने लिफ्टच्या खोलीवर, सगळ्यात उंच जागी, दीड मीटरची पांढरी कांडी उभी केली. कांडी १२ डीबीआयची आणि यंत्राची ताकद २७ डीबीएम, म्हणजे अर्धा वॅट. "अर्धं सेक्टर पकडेल," तो म्हणाला.

ते खरंच पकडलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याच्या फोनवर आमच्या सोसायटीचं नाव दिसायचं. आमच्या अंगणातल्या बाकावर मात्र काही नव्हतं. वॉचमनच्या केबिनमध्ये रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसत, पण पान उघडत नसे. तीन महिने आम्ही नेट पुरवणाऱ्याला दोष देत राहिलो.

शेवटी नेटवर्कची कामं करणारा एक तरुण आला. त्याने लॅपटॉप उघडण्याआधी वर पाहिलं, मग बाकावर जाऊन बसला. "काका, तुम्ही दिवा लावलाय तो दीपगृहाचा," तो म्हणाला. "जहाजाला दिसेल. दिव्याच्या पायथ्याशी बसून वाचता नाही येणार."

अँटेना ताकद निर्माण करत नाही, हे आधी मनात पक्कं करायला हवं. मिळालेली ताकद तो कुठे द्यायची तेवढं ठरवतो. भाकरीचा गोळा तेवढाच असतो. थापून पातळ केला की परीघ वाढतो आणि जाडी जाते. चहूकडे सारखी लहर सोडणाऱ्या काल्पनिक बिंदूच्या तुलनेत एका दिशेला किती जास्त जातं, ते डीबीआय सांगतं. १२ डीबीआय म्हणजे त्या दिशेला सोळापट. हे सोळापट कुठून आलं? वर आणि खाली जाणारं काढून आडवं पसरवलं, तिथून. अशा कांडीचा पट्टा उभ्या दिशेत जेमतेम ७ अंशांचा उरतो, साडेतीन वर आणि साडेतीन खाली. कांडी जमिनीपासून २२ मीटरवर असेल, तर त्या पट्ट्याची खालची कड जमिनीला टेकते साधारण ३६० मीटरवर. आमचं अंगण ४० मीटरचं. भाजीवाला उजेडात होता आणि आम्ही अंधारात.

दिसतं, पण बोलता येत नाही

वॉचमनच्या केबिनमधलं कोडं वेगळं होतं. भिंतींवरून आपटून तिथे सिग्नल पोचत होता, दांड्या भरत होत्या. तरी काम होत नव्हतं.

रेडिओ आणि टीव्ही एकतर्फी असतात. आकाशवाणी बोलते, आपण ऐकतो. वाय-फाय तसं नाही. फोनला प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच परत पाठवावी लागते. पोच आली नाही, तर यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवतं, मग आणखी सावकाश पाठवतं, आणि सगळं रखडतं. यंत्राची ताकद २७ डीबीएम, तर खिशातल्या फोनची बहुधा १५ च्या आसपास, म्हणजे तीसेक मिलिवॅट. बॅटरी वाचवायची असल्याने फोन त्याहून मोठ्याने बोलणार नाही.

डीबी हे माप गुणाकाराचं आहे. ३ डीबी वाढलं की ताकद दुप्पट होते आणि १० डीबी वाढलं की दहापट. २७ आणि १५ मधला फरक १२ डीबी, म्हणजे सोळापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने उतरतो. म्हणून दोघांचे कान सारखे धरले, तर यंत्राचा आवाज जिथवर पोचतो त्याच्या फक्त चौथ्या हिश्श्याइतक्या अंतरावरून फोनचा आवाज परत येतो. उरलेल्या पट्ट्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या फोनवर दांड्या दिसतात आणि काम होत नाही. आमची वॉचमनची केबिन नेमकी त्या पट्ट्यात होती.

यावर उपाय ताकदीचा नाही, कानाचा आहे. अँटेना जितका बोलण्याला मदत करतो तितकाच ऐकण्यालाही करतो. ८ डीबीआयचा अँटेना लावला की यंत्राचं बोलणं ८ डीबीने वर जातं आणि फोनचं दुबळं बोलणंही ८ डीबीने वर येतं. ताकद वाढवली की फक्त एकच बाजू वर जाते. बाहेरच्या कुठल्याही वायरलेस कामात पैसा आणि विचार आधी अँटेनावर व जागेवर खर्च करायचा आणि ताकदीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा, तो याच कारणाने.

ताकदीबद्दल आणखी एक गोष्ट माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरात असते. पेटीवर छापलेला मोठा आकडा सगळ्यात संथ वेगाचा असतो. वेग वाढतो तसं लहरीवरचं नक्षीकाम बारीक होत जातं, आणि ते फाटू नये म्हणून यंत्र स्वतःच ताकद चार-पाच डीबीने उतरवतं. गळा ताणून ओरडताना शब्द फाटतात, तसंच हे.

खडकी, दौंड आणि खोडद

हा धडा नवा नाही, आणि तो आपल्याच मुलखात गिरवला गेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्य बिनतारी केंद्रांनी जोडायची योजना होती. लांब लहरी, अवाढव्य मनोरे आणि प्रचंड वीज असा तिचा बेत होता. मार्कोनीच्या कंपनीने १९२० च्या दशकात दुसरा रस्ता दाखवला: लहरी आखूड घ्यायच्या, तारांची जाळी एका रांगेत उभी करायची आणि सगळी शक्ती झोतासारखी एकाच दिशेला सोडायची. कितीतरी कमी विजेत काम झालं. भारत आणि इंग्लंड यांच्यातली अशी 'बीम' सेवा १९२७ मध्ये सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. बोलण्याची जागा वेगळी आणि ऐकण्याची वेगळी, कारण ऐकणाऱ्याला शांतता लागते.

ऐकण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारा अतिक्षीण रेडिओ आवाज टिपतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्यांची रचना अशी केली, की भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी पुरेल आणि वारा आरपार जाईल. ती जागा निवडताना माणसांचा रेडिओ गोंगाट कमी असणं हाही एक निकष होता. दूरचं ऐकायचं असेल, तर मोठा कान आणि भोवती शांतता हवी. गच्चीवरच्या कांडीला लागू पडणारा नियम तोच.

आणि ताकद नसताना किती दूर जाता येतं? व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००६ मध्ये डोंगरमाथ्यांवरून २७९ किलोमीटर आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटर अंतरावर वाय-फाय जोडून दाखवलं. त्यांच्याकडे होत्या जुन्या उपग्रह-छत्र्या, मोकळी दृष्टिरेषा आणि यंत्राच्या वेळमोजणीत केलेले बदल.

पालघरचा रस्ता

महाराष्ट्रात हे काम सर्वांत विचारपूर्वक झालं ते पालघर जिल्ह्यात. आयआयटी मुंबईचे तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' हा प्रकल्प खामलोली गावाभोवती उभा केला. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. फायबर एका ठिकाणापर्यंत येतो, तिथून झाडीतल्या पाड्यांपर्यंत नेट कसं न्यायचं?

पहिल्या टप्प्यात त्यांनी दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रयोग केले. म्हणजे आपल्या काट्याच्या अँटेनाच्याच बिरादरीतल्या लहरी. सारख्या डीबीआयचे अँटेना धरले, तर ५०० मेगाहर्ट्झची लहर ५.८ गिगाहर्ट्झच्या तुलनेत २१ डीबीने कमी झिजते, म्हणजे शंभरपटीहून जास्त शिल्लक पोचते. शिवाय ती पानांतून वाट काढते. पुढे प्रकल्प २५ गावांपर्यंत नेताना त्यांनी परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झची साधी, स्वस्त यंत्रं वापरली आणि उंची व दिशा यांचं गणित नीट मांडलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत हा प्रकल्प पहिला आला.

पालघरचं गणित पनवेलला जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याकडेही एकीकडे खारघर-कामोठ्याचे मनोरे आहेत आणि दुसरीकडे प्रबळगडाच्या माचीवरच्या, माथेरानच्या कुशीतल्या ठाकूरवाड्या. समजा, गावातल्या एका इमारतीवरून ५ किलोमीटरवरच्या पाड्यातल्या शाळेत नेट न्यायचं आहे. दोन्ही टोकांना २३ डीबीआयच्या छोट्या छत्र्या लावल्या. ५.८ गिगाहर्ट्झवर वाटेत झीज होते सुमारे १२२ डीबी. छत्रीतून बाहेर पडणारं, कायद्याने चालणारं कमाल ३६ डीबीएम, त्यातून झीज वजा आणि पलीकडच्या छत्रीचे २३ मिळवले, की हाती उणे ६३ डीबीएम येतात. गोंगाटाची पातळी उणे ९५ च्या आसपास असते. मधली ३२ डीबीची उंची चांगल्या वेगाला पुरेशी आहे. आता यंत्राची स्वतःची ताकद किती लागली ते पाहा: ३६ वजा २३, म्हणजे १३ डीबीएम. फक्त २० मिलिवॅट, फोनपेक्षाही कमी.

यात अट एकच, मधली वाट मोकळी हवी. नुसतं पलीकडचं टोक दिसून भागत नाही, कारण लहर दोरीसारखी जात नाही. ती मध्ये फुगलेल्या नळीसारखी जाते. ५ किलोमीटरच्या वाटेत मध्यावर तिची त्रिज्या ८ मीटर असते आणि त्यातले निदान ५ मीटर रिकामे लागतात. करंजाडे-उलव्याकडे दर वर्षी नव्या इमारती उभ्या राहतात. या वर्षी मोकळी असलेली रेषा पुढच्या दिवाळीला स्लॅबमागे गेलेली असू शकते. तेव्हा ताकद वाढवून काही होत नाही. खांब तरी उंच करावा लागतो, नाहीतर वाट बदलावी लागते.

पाऊस कुठे मारतो

पाऊस सुरू झाला की नेट जातं, ही कोकणातली कायमची तक्रार. पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. ताशी १०० मिलिमीटरच्या मुसळधारेतही किलोमीटरमागे जेमतेम १ डीबी जातो. हल्ली मिळणाऱ्या ६० गिगाहर्ट्झच्या वेगवान जोडण्यांची गोष्ट वेगळी. तेवढ्याच पावसात त्या किलोमीटरमागे ३० डीबीच्या घरात गमावतात, म्हणून पनवेलमध्ये त्या रस्त्यापलीकडच्या इमारतीपुरत्याच ठेवाव्यात.

मग नेट जातं कशाने? पहिलं कारण ओली पानं. उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांतून गेलेली जोडणी जुलैत हिरव्या भिंतीवर आपटते. एकच दाट झाड १० ते २० डीबी खाऊन टाकू शकतं. दुसरं कारण जोडांतलं पाणी. केबल यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला नाही, तर पाणी तिच्या अंगावरून थेट सांध्यात उतरतं. खाडीच्या खाऱ्या हवेत पितळेचा जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. रबरी टेप, झोळ आणि नीट अर्थिंग या तीन गोष्टींचा खर्च शेकड्यात असतो आणि त्या टाळल्याचं नुकसान हजारात.

एका जागी मी पाहिलं, अँटेना गच्चीवर, यंत्र खाली खोलीत आणि मध्ये १२ मीटर बारीक आरजी-५८ केबल. २.४ गिगाहर्ट्झवर ती मीटरला जवळपास १ डीबी पिते. बारा मीटरमध्ये सोळा आण्यांतला एक आणा वर पोचत होता, आणि परत येणाऱ्या फोनच्या आवाजाचीही तीच गत होती. यंत्र अँटेनाच्या पाठीशीच बसवावं आणि खालून फक्त लॅनची तार न्यावी. त्याच तारेतून वीजही जाते आणि १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही.

गायरानाचा नियम

हे सगळं ज्या लहरींवर चालतं, त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला झाला, तोही मर्यादेसह: यंत्राची ताकद १ वॅटपर्यंत आणि अँटेनासह बाहेर पडणारी ४ वॅटपर्यंत, म्हणजे ३६ डीबीएम. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे आणखी पट्टे घराबाहेरच्या वापरालाही मोकळे झाले. त्या सगळ्यांची मर्यादा सारखी नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली आणि चहाच्या टपरीला, किराणा दुकानालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देण्याची मुभा मिळाली. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरचा दुकानदार आज हे करू शकतो.

गावात गायरान असतं, तशी ही जागा. सगळ्यांची गुरं तिथे चरतात, म्हणून कोणी किती सोडायची याला मर्यादा असते. आमच्या कांडीचा हिशेब केला: २७ अधिक १२, म्हणजे ३९ डीबीएम, ८ वॅट. कायद्याच्या बरोबर दुप्पट. आम्ही तीन महिने शेजाऱ्यांच्या चाऱ्यावर पाय ठेवून उभे होतो आणि आमच्या बाकावर मात्र उपाशी होतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका गच्चीवरून आरडाओरडा झाला की त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरातलं यंत्र सभ्यपणे थांबून वाट पाहतं आणि अख्ख्या सेक्टरचं नेट मंदावतं.

आकाशातही भागीदार आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचं सी-बँड रडार सुरू झालं. ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा काही भाग अशा रडारांच्या शेजारी किंवा त्यांच्याच पट्ट्यात येतो. म्हणून त्या वाहिन्यांवर यंत्राने रडार ऐकू येताच जागा सोडायची असते, आणि ही सोय बंद करण्याचा मोह टाळायचा असतो. पोर्तो रिकोच्या सान हुआन विमानतळाजवळ २००९ मध्ये बाहेरच्या वायरलेस जोडण्यांनी हवामान रडारमध्ये व्यत्यय आणल्याचं अमेरिकी यंत्रणेच्या तपासात आढळलं आणि कारवाया झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या तालुक्यातच नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आहे. हा शेजार आता आपलाही आहे.

खाली उतरून पाहा

त्या तरुणाने आमची कांडी उतरवली. दोन्ही विंगच्या भिंतींवर, पहिल्या मजल्याच्या उंचीला, अंगणाकडे तोंड करून दोन चपट्या पेट्या लावल्या, ८ डीबीआयच्या आणि थोड्या खाली झुकवलेल्या. एक वाहिनी १ वर, दुसरी ११ वर. मग फोन घेऊन तो बाकावर बसला, घसरगुंडीपाशी गेला, वॉचमनच्या केबिनमध्ये उभा राहिला. प्रत्येक ठिकाणाहून वर यंत्रापाशी बसवलेल्या मदतनीस मुलाला सांगत होता, "कमी कर. अजून कमी कर." काम चालेनासं झालं तिथे थांबून दोन पायऱ्या वर आला. आकडा ठरला १५ डीबीएम.

माझी सोसायट्यांच्या समित्यांना, शाळांना, पीएम-वाणी घेणाऱ्या दुकानदारांना विनंती आहे. काम देताना "किती पॉवरचं आहे?" असं विचारू नका. माणसं कुठे बसतात ते दाखवा. अँटेना तिकडे तोंड करून, शक्य तितका जवळ लावायला सांगा. ताकद अधिक अँटेना, ही बेरीज कायद्याच्या आत आहे का, ते कागदावर लिहून घ्या आणि तो कागद यंत्राच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पैसे देण्याआधी स्वतः खाली उभे राहून फोन लावून पाहा.

आमच्या पेटीच्या दाराला तसा कागद आहे. त्यावर लिहिलंय: १५ डीबीएम, ३२ मिलिवॅट, अँटेना ८ डीबीआय, एकूण २३ डीबीएम. आधीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं. बाकावर नेट चालतं, वॉचमनच्या केबिनमध्येही चालतं, आणि भाजीवाल्याच्या फोनवर आमच्या सोसायटीचं नाव आता दिसत नाही.